कपाशीचं औषध

कमलाकर देवपुजारी जनावरांचा डॉक्टर होता, पण जिवंत जनावर त्याच्या वाट्याला क्वचितच यायचं. त्याचं काम जनावर मेल्यावर सुरू व्हायचं. जिल्ह्यात कुठं बैल दगावला, कुठं शेळ्या पटापट पडल्या, की त्यांच्या काळजाचे, फुप्फुसाचे तुकडे बरणीत घालून यवतमाळच्या प्रयोगशाळेत त्याच्या टेबलावर यायचे. तो त्यांचे पातळ काप काढी, काचेवर रंगवी, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावी आणि मग सांगे, हे अमुक रोगानं मेलं. शेजारीपाजारी त्याला थट्टेनं 'मढ्यांचा डॉक्टर' म्हणत. त्याची बायको कुंदा त्यावरून चिडायची. तो चिडत नसे. "मेल्यावर तरी कुणी विचारपूस करायला नको का?" एवढंच म्हणायचा.

गुराढोरांचं काम तो पोटासाठी करी. जीव होता तो रानातल्या आणि पाण्यातल्या प्राण्यांवर. जंगलचे नाकेदार कुठं मेलेलं चितळ दिसलं की त्याला निरोप धाडायचे, आणि तो सुटी टाकून, हत्यारांची पेटी घेऊन निघायचा. साठ सालच्या उन्हाळ्यात महागावकडून कळलं, की पूस नदीतल्या माशांच्या अंगावर लाल फोड येत आहेत. तो गेला. नदी आटून तिचे डोह तेवढे उरले होते. त्यातल्या सगळ्यात खोल डोहाच्या काठाला, करंजाच्या मुळ्यांखाली, त्याला पाणमांजरांचं एक कुटुंब दिसलं. त्यानंतर तो दर महिन्याला तिथं जाऊ लागला. मासे धरून त्यांच्या पोटातले जंत बघायचा, पाणमांजरांची विष्ठा कागदात बांधून आणायचा. माशांचा कुठला रोग पाणमांजरात उतरतो, हे त्याला शोधायचं होतं. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणाला हवंही नव्हतं.

डोहापासून हाकेच्या अंतरावर लखीराम नायकाचा तांडा होता. लखीरामच्या आजापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मिठाचे, धान्याचे लमाणी तांडे हाकले होते. आता त्याच्या घरची माणसं चार तुकडे कोरडवाहू जमिनीत कपाशी न् ज्वारी काढत. कमलाकर आला की लखीरामचा मुलगा नेमसिंग त्याची पेटी डोहापर्यंत पोचवायचा, सून भुरीबाई गुळाचा चहा द्यायची, आणि त्यांची पाच वर्षांची मानी त्याच्याशेजारी खडकावर येऊन बसायची. एरवी एक क्षण गप्प न बसणारी ती पोर, पाणमांजरं वर आली की श्वास रोखून बसे. पाणमांजरं एकमेकांना शीळ घालतात तशी शीळ ती घालायची, आणि एकदा तर त्यातल्या मादीनं मान वळवून तिच्याकडे बघितलंही होतं.

एकदा तिनं विचारलं, "साहेब, हे मेले तं तुमी यायलेबी फाडसान?"

"हो. कशानं मेले ते कळायला नको?"

तिनं जरा विचार केला. "मंग वापस शिवून देजा."

"देईन," कमलाकर हसून म्हणाला.

बासष्ट सालची दिवाळी होऊन गेली, आणि मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर लखीरामचा निरोप आला. तुमची पाणमांजरं मेली, लवकर या. कमलाकरनं दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली मोटार पकडली. निघताना कुंदानं त्याच्या पिशवीत एक फ्रॉक घातला. "सुनीतीला तोकडा झालाय. त्या मानीला द्या." सुनीती त्यांची मुलगी, तेव्हा दुसरीत होती.

तांड्याकडे न वळता तो सरळ डोहावर गेला. वास लांबूनच आला. पाण्यावर पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते, मोठे, बोटाएवढे, सगळे. चिखलात बेडूक उताणे पडले होते. एक बगळा पंख पसरून मरून पडला होता. आणि वाळूवर तीन पाणमांजरं, कुणीतरी ओढून ओळीनं ठेवलेली.

नेमसिंग खडकावर बसला होता. तो उठला नाही. डोळे लाल होते, दाढी वाढलेली.

"कधी झालं हे?" कमलाकरनं विचारलं. "आणि मानी कुठाय? आज आली नाही?"

नेमसिंगनं पाण्याकडे बघितलं. "आधी यायले पाहा साहेब."

कमलाकरनं पेटी उघडली. आधी कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पेटीतल्या लहान सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. गुरांना होतो तो काळपुळीचा रोग असता तर प्रेत फाडणंच धोक्याचं होतं. तो नव्हता. मग त्यानं मादीला वळवलं. अंगावर जखम नाही, फोड नाही. दात एकमेकांवर घट्ट रुतले होते, जीभ त्यात सापडून फाटली होती. चारही पंजे आवळलेले, त्यांत चिखल अडकलेला. पोट उघडल्यावर आत नुकतेच खाल्लेले मासे निघाले, धड पचलेलेही नाहीत. श्वासनळीत फेस होता. फुप्फुसं रक्तानं काळीनिळी. बाकी काळीज, आतडी, मूत्रपिंडं, सगळं तरण्या निरोगी जनावराचं होतं. स्तन दाबल्यावर दूध आलं.

"हिची पिल्लं असतील कुठंतरी," तो स्वतःशीच म्हणाला. मग नेमसिंगकडे वळून त्यानं, जसं तो नेहमी त्याला समजावून सांगायचा तसं सांगितलं. "रोग नाही हा. रोगानं इतके सगळे जीव एका दिवसात मरत नाहीत. पाण्यात विष आलंय. माशांनी ते घेतलं, हिनं मासे खाल्ले. हे दात बघ, हे पंजे. झटके येऊन येऊन मेलीय ही."

नेमसिंग उभा राहिला. "झटके?"

"हो. काय झालं?"

"साहेब," नेमसिंग म्हणाला, "माह्या पोरीलेबी झटके आलते."

कमलाकरच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"परवा माती देल्ली तिले."

मग नेमसिंग तिथंच वाळूत बसला आणि सांगू लागला. महागावच्या एका मोठ्या कास्तकाराच्या वावरात तो कपाशीवर औषध मारायच्या मजुरीला जात होता. औषध नवीन होतं, पत्र्याच्या डब्यात यायचं, पाण्यात घातलं की पाणी दुधासारखं पांढरं होई. मारल्यावर बोंडातली अळी तडफडून खाली पडायची. शेवटच्या दिवशी एका डब्याच्या तळाशी थोडं उरलं. कास्तकाराचा माणूस म्हणाला, फेकून दे.

"आमचे लोक हिंगनाचे फळं ठेचून डोहात टाकत, साहेब. मासे गुंगतात, वर येतात. खाल्ले तं कोनाले काई होत नाई. मले वाटलं, हेबी तसंच. म्या डोहात टाकलं. घडीभरात पानी मासळीनं पांढरं झालं. त्याच डब्यात भरून घरी नेले. घर खुश झालं. सन झाला जसा काई."

"सगळ्यांनी खाल्ले?"

"सारेच खाल्ले. आमाले ओकाऱ्या झाल्या, डोकं फिरलं. पन तिचा जीव केवढा! बापानं मासे आनले म्हनून तिले मी माह्या हातानं भरवले. मंग भुरीनं तिले वाटीभर दूध देल्लं. सकाळी पोरगी लाकडावानी ताठ झाली. सुटली, परत ताठ झाली. बंडीत घालून महागावच्या दवाखान्यात नेत होतो, वाटेतच संपली." तो थांबला. "माही माय म्हनते, माशावर दूध पाजलं म्हनून मेली. भुरीनंच मारली म्हनते. भुरीबी तेच म्हनते."

"तो डबा कुठाय?"

डबा तांड्याच्या कुंपणाशी पडला होता. नेमसिंग तो घेऊन आला. बाजूला कागद चिकटवलेला, ओल्यानं अर्धा फाटलेला. अक्षरं सगळी इंग्रजी. कमलाकरनं वरचं नाव वाचलं. एन्ड्रीन. ते त्यानं पुस्तकात वाचलं होतं, डबा पहिल्यांदाच बघत होता.

"काय लिवलं त्याच्यावर?"

कमलाकरनं नुसती मान हलवली.

"सांगा ना साहेब. तुमाले वाचता येते."

मग त्यानं वाचून दाखवलं, मराठी करत, हळूहळू. हे जहर आहे. अन्नाजवळ, गुरांजवळ ठेवू नये. नदी, तळी, विहिरी यांच्या पाण्यात जाऊ देऊ नये. माशांना अत्यंत घातक. रिकामा डबा फोडून जमिनीत पुरावा.

नेमसिंगनं कागदावरून बोट फिरवलं. "हे सारं याच्यावर लिवलं होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्यापासून, नेमसिंग."

नेमसिंगनं डबा खाली ठेवला, दोन्ही हातांचे तळवे वाळूवर घासले, घासतच राहिला. कमलाकरनं त्याचे हात धरले तेव्हा तो म्हणाला, "भुरीले सांगू नका साहेब. तुमच्या पाया पडतो. ती मले पाहूनई शकनार नाई मंग."

कमलाकर पुन्हा पाणमांजराजवळ बसला. लागतील ते तुकडे त्यानं फॉर्मलिनच्या बाटल्यांत घातले. मग पेटीतली मोठी सुई काढली, दोरा ओवला, आणि मादीचं पोट गळ्यापासून खालपर्यंत शिवून टाकलं. प्रयोगशाळेत असं कुणी करत नाही. नेमसिंग बघत होता. मानीनं शिवून द्यायला सांगितलेलं त्याला ठाऊक होतं का कुणास ठाऊक, पण तिथं पहिल्यांदा तो मोठ्यानं रडला.

तांड्यात लखीरामनं खाट टाकली, पाणी दिलं. लखीरामची बायको सुखीबाई दाराशी तोंड फिरवून बसली होती. कमलाकर कसाबसा म्हणाला, "नायक, मला काही माहीत नव्हतं. मी तिच्यासाठी..." आणि पिशवीवर हात ठेवून थांबला.

भुरीबाई आतून आली. अंगावरचं लुगडं चुरगाळलेलं, हातातल्या बांगड्या तेवढ्याच वाजत होत्या. ती समोर जमिनीवर बसली आणि तिनं पिशवीकडे बोट केलं.

"तिच्यासाठी काय आनलं?"

कमलाकरला खोटं बोलायला सुचलं नाही. त्यानं फ्रॉक काढून दिला. तिनं तो गुडघ्यावर पसरला, बाह्या सारख्या केल्या, खालची पट्टी हातानं मोजली.

"मोठा झाला असता तिले," ती म्हणाली. "पुढच्या साली आला असता."

मग तिनं घडी केली, मांडीवर ठेवली आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. "डाक्टरसाहेब, तुमी मेलेल्या जीवाले इचारता ना, तो कायनं मेला ते. माह्या पोरीले इचारा. तिकडं पळसाखाली हाय ते. मी माती काढून देतो."

"भुरी!" लखीराम ओरडला.

"तुमी थांबा बापू. मले समजलंच पाह्यजे." तिचा आवाज चढला नाही. "त्या माशावर म्या तिले दूध पाजलं. ती नाई म्हनत होती, पोट भरलं म्हनत होती. म्या जबरदस्ती पाजलं. तेच्यानं मेली का, एवढं सांगा. हाव म्हना का नाई म्हना."

नेमसिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. कमलाकरला तो न बघताही दिसत होता. 'हो' म्हणावं, तर ही बाई जन्मभर आपल्या हाताकडे बघत बसणार. 'नाही' म्हणावं, तर दुसरा प्रश्न येणार. आजवर त्यानं शेकडो वेळा सांगितलं होतं, हे जनावर अमुक कारणानं मेलं. ऐकणाऱ्याचं पुढं काय होतं ते बघायला तो कधी थांबला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "दुधानं नाही. दुधाचा काही दोष नाही, बाई. तुमचा काही दोष नाही."

सुखीबाईनं मान वळवून बघितलं. भुरीबाईचा श्वास एकदम सुटला, खांदे खाली आले. घटकाभर वाटलं की ती आता पुढचं विचारणार नाही.

"मंग कायनं?" तिनं विचारलं.

कमलाकरनं मान खाली घातली. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या.

"माह्या हातानं," नेमसिंग दारातून म्हणाला. "ते कपाशीचं औषध म्या डोहात टाकलं. त्यानंच मासे मेले, पानमांजरं मेली. त्याच डब्यात घरी आनले. डब्यावर लिवलं होतं, जहर हाय. मले वाचता नाई आलं. म्याच मारली तिले, भुरी. तू नाई."

भुरीबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिनं शिव्या दिल्या नाहीत, ऊर बडवला नाही. फ्रॉक छातीशी धरून ती उठली आणि त्याच्या अंगाला पदरही लागणार नाही अशी बाजूनं बाहेर निघून गेली. पळसाकडे. नेमसिंग तिच्यामागं जायला निघाला तेव्हा म्हाताऱ्या लखीरामनं त्याचा हात धरला. "राहू दे. आता नको जाऊ."

परत जाताना कमलाकर डोहावर थांबला. तिन्ही पाणमांजरं त्यानं नि नेमसिंगनं मिळून खड्डा करून पुरली. तेवढ्यात करंजाच्या मुळ्यांखालून बारीक शीळ आली. आधी त्याला भासच वाटला. मग दुसरी आली. हात घालून त्यानं दोन पिल्लं बाहेर काढली, मुठीत मावतील एवढी, डोळे नुकते उघडलेली. पिशवी आता रिकामीच होती. त्यात गवत घालून तो ती यवतमाळला घेऊन आला.

कुंदानं आधी फ्रॉकचंच विचारलं. त्यानं सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन तिनं पिल्लं मांडीवर घेतली. शेजारून शेळीचं दूध आणलं, कापसाची वात भिजवून त्यांच्या तोंडात पिळली. सुनीती शाळेतून येऊन त्यांच्यापाशीच बसायची. पण आईचं शेवटचं दूध त्यांच्या पोटात आधीच गेलं होतं, आणि त्या दुधात काय होतं हे कमलाकरला माहीत होतं. एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. त्यानं ते प्रयोगशाळेत नेलं, टेबलावर घेतलं, बघायचं ते बघितलं. दुसरं त्यानंतर कुंदाच्या हातातच ताठ झालं. तो पेटी घ्यायला उठला तेव्हा कुंदा म्हणाली, "हिला नका हो नेऊ. तुम्हाला कळलंय ना सगळं?"

"कळलंय," तो म्हणाला आणि खाली बसला. त्या दिवशी तो कामावर गेलाच नाही.

नागपूरला पाठवलेल्या तुकड्यांत तेच विष निघालं. कमलाकर वरिष्ठांकडे गेला. म्हणाला, गावोगाव सांगायला हवं, डब्यावर मराठीत लिहायला हवं, निदान कवटीचं चित्र तरी. वरिष्ठ माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "देवपुजारी, आपलं खातं गुरांचं. गाय मेली तर मी वर कळवीन. पाणमांजराचं दूध कोण पितं?" मुलीबद्दल तो म्हणाला, ते माणसांच्या डॉक्टरांनी बघायचं. माणसांच्या डॉक्टरपर्यंत मानी पोचलीच नव्हती.

भुरीबाई माहेरी गेली, दिग्रसकडे. लखीराम दोनदा आणायला गेला आणि हात हलवत परतला. उन्हाळा लागल्यावर ती आपण होऊन परत आली. घरातलं सगळं करी, शेतात जाई, नेमसिंगपुढं ताट ठेवी. बोलत मात्र नसे. सुखीबाई आता तिच्याशी मऊ झाली होती, पण त्याचा भुरीबाईला काही उपयोग नव्हता. तिनं नेमसिंगला दोष दिला असं कुणी कधी ऐकलं नाही. "दिला असता तं बरं झालं असतं," नेमसिंग एकदा कमलाकरला म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यानंतर कपाशीवर पुन्हा औषध मारायची वेळ आली. दुकानांत डबे आले, पहिल्यापेक्षा जास्तच. कमलाकर रजा काढून महागावच्या बाजारात जाऊ लागला. निंबाच्या झाडाखाली उभा राहून लोकांना सांगायचा. लोक त्याला औषध कंपनीचा माणूस समजत आणि भाव विचारत. एका बाजाराला नेमसिंग आपण होऊन आला. हातात रिकामा डबा. त्यानं कमलाकरला बाजूला केलं आणि स्वतःच बोलू लागला. माही पोरगी होती, मानी नावाची. म्या हे डोहात टाकलं. सगळं, जसं झालं तसं. माणसं जमली. बायकांनी तोंडाला पदर लावले. कमलाकरला वाटलं, आपण दहा बाजार बोललो असतो तरी हे झालं नसतं. आणि त्याच वेळी त्याला ते ऐकवेनासं झालं, कारण प्रत्येक वेळी नेमसिंगला ती पुन्हा आपल्या हातानं भरवावी लागत होती.

नेमसिंगचं बोलणं संपलं. गर्दी हलली. मागं कापसाच्या गाठोड्यावर बसलेला एक माणूस पुढं आला, डबा हातात घेऊन त्यानं उलटसुलट करून बघितला.

"लय वाईट झालं बावा," तो म्हणाला. मग जरा जवळ सरकून, आवाज खाली करून त्यानं विचारलं, "पन मासे किती निघाले?"

कमलाकर त्याच्या अंगावर धावून जाणार होता. नेमसिंगनं त्याला हातानं अडवलं. डबा त्या माणसाच्या हातातून काढून घेतला, खाली ठेवला.

"बस भाऊ," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगतो."